मॉडेल बोटीच्या इंजिनाला पाइप किती लांब हवा?

साडेसात सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 20,000 फेरे घेत असते, तेव्हा त्याच्या एका फेऱ्याला अवघे 3 मिलिसेकंद लागतात. त्यातला साधारण निम्मा वेळ, म्हणजे दीड मिलिसेकंद, एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे वायू बाहेर जाण्याची खिडकी, उघडे असते. जळालेला वायू बाहेर घालवायचा, नवे मिश्रण आत घ्यायचे आणि ते निसटू द्यायचे नाही, ही तिन्ही कामे एवढ्या वेळात उरकायची असतात. त्यासाठी या इंजिनात झडपा नसतात. पिस्टन वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्या उघडतो आणि झाकतो, एवढीच काय ती व्यवस्था. बोटीच्या मागच्या बाजूला दिसणारा, मध्ये फुगलेला आणि दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला पाइप ही या इंजिनाची उरलेली झडप आहे. तिच्यात हलणारा एकही भाग नसतो. ती आवाजाच्या लहरींवर चालते. म्हणून त्या पाइपची लांबी मिलिमीटरमध्ये मोजत असलो, तरी प्रत्यक्षात आपण वेळ मोजत असतो. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की पुढचे सारे हिशोब आपोआप सरळ होतात.

आधी खिडक्यांचे वेळापत्रक पाहू. समजा, आपल्या इंजिनाचे एक्झॉस्ट पोर्ट क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) 180 अंशांपर्यंत उघडे राहते आणि नवे मिश्रण आत आणणारी ट्रान्स्फर पोर्टे 130 अंशांपर्यंत. पिस्टन खाली येताना एक्झॉस्ट आधी उघडते आणि त्यानंतर 25 अंशांनी ट्रान्स्फर उघडतात. या 25 अंशांत सिलिंडरमधला दाब ओसरतो, नाहीतर जळालेला वायू ट्रान्स्फरमधून उलटा क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीत, घुसेल. पिस्टन तळाला जाऊन वर येऊ लागला की क्रम उलटा होतो, म्हणजे ट्रान्स्फर आधी बंद होतात आणि एक्झॉस्ट आणखी 25 अंश उघडेच राहते. इंजिनाची खरी अडचण याच 25 अंशांत आहे. नवे मिश्रण येणे थांबलेले असते, पिस्टन वर चढत असतो आणि बाहेर जाण्याची वाट मोकळी असते. साधा सायलेन्सर लावला तर मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि एरंडेल यांचे महागडे मिश्रण या वाटेने न जळताच तळ्यावर जाते. 20,000 फेऱ्यांना एक अंश म्हणजे सुमारे 8.3 मायक्रोसेकंद, म्हणजे या 25 अंशांचा सारा कालावधी सुमारे 208 मायक्रोसेकंदांचा असतो. तेवढ्या वेळेपुरते कोणीतरी त्या खिडकीला बाहेरून दाबून धरायला हवे.

ते काम परत येणारी लहर करते. विहिरीच्या काठावर उभे राहून ओ दिली की तळाशी आपटून आवाज परत येतो, हे आपल्याला ठाऊक आहे. बंद टोकावर आपटलेली दाबाची लहर दाबाचीच लहर म्हणून परतते, मात्र वाट एकाएकी रुंद झाली तर ती उलट्या चिन्हाने, म्हणजे ओढ घेऊन परतते. पाइपमध्ये या दोन्ही गोष्टींचा उपयोग केलेला असतो. एक्झॉस्ट पोर्ट उघडताच दाबाची जोरदार लहर पाइपमध्ये शिरते. पहिला भाग जवळजवळ सारख्या व्यासाच्या नळीचा असतो, त्याला हेडर म्हणतात. त्यापुढे पाइप हळूहळू रुंद होत जातो. हा डिफ्यूझर. लहर त्यातून पुढे सरकताना सतत थोडी थोडी ओढ मागे पाठवत राहते आणि ही ओढ पोर्टापर्यंत पोहोचली की सिलिंडरमधला उरलासुरला वायू बाहेर खेचते, तसेच ट्रान्स्फरमधून येणाऱ्या मिश्रणालाही हात देते. मग सरळ पोटाचा भाग येतो आणि शेवटी उलटा, निमुळता होत जाणारा कोन, ज्याला बॅफल म्हणतात. तो बंद टोकासारखे काम करतो, म्हणजे दाबाची लहर दाबाचीच म्हणून परत फिरवतो. ती वेळेवर आली तर हेडरमध्ये निसटून गेलेले ताजे मिश्रण पोर्ट बंद होण्याच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. बॅफलच्या टोकाला असलेली बारीक नळी, म्हणजे स्टिंगर, वायू शेवटी बाहेर सोडते.

हे तंत्र पूर्णत्वाला नेण्याचे श्रेय पूर्व जर्मनीतल्या त्शोपाउ येथील एमझेड कारखान्याचे अभियंते वाल्टर काडेन यांना दिले जाते. त्यांनी 125 सीसीच्या रेसिंग मोटारसायकलमधून 1961 पर्यंत सुमारे 25 अश्वशक्ती काढली होती, म्हणजे लिटरमागे 200. त्याच वर्षी त्यांचा स्वार एर्न्स्ट डेगनर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळून गेला आणि 1962 मध्ये त्याने सुझुकीसाठी 50 सीसी गटाचे विश्वविजेतेपद मिळवले. काडेन यांच्या कारखान्यातले ज्ञान असे जगभर पोहोचले. आपल्याकडे ज्यांनी यामाहा आरएक्स 100 चालवली आहे, त्यांना ठरावीक फेऱ्यांनंतर गाडी एकदम अंगाखालून पुढे ओढली जाते तो क्षण आठवत असेल. मॉडेल बोटवाले त्याच क्षणाला बोट ‘पाइपवर आली’ असे म्हणतात.

आता हिशोब. लहर पोर्टापासून बॅफलपर्यंत जाते आणि परत येते, म्हणजे लांबीच्या दुप्पट अंतर कापते. तेवढ्या वेळात क्रँकने एक्झॉस्टचा सगळा कोन पार केलेला असावा. यावरून सूत्र असे निघते: एक्झॉस्ट उघडे राहण्याचे अंश गुणिले लहरीचा वेग मीटर प्रति सेकंदात, गुणिले 1000, आणि या साऱ्याला 12 गुणिले मिनिटाचे फेरे यांनी भागायचे. उत्तर मिलिमीटरमध्ये मिळते. आपल्या उदाहरणात अंश 180, फेरे 20,000 आणि वेग 500 धरला, तर उत्तर 375 मिमी येते. ही लांबी पिस्टनच्या तोंडापासून बॅफलच्या मध्यापर्यंतची आहे. तीही हेडरच्या वळणातून, नळीच्या मध्यरेषेने मोजलेली.

हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम वेगळे लिहिले आहे, कारण नवख्यांचे पाइप सर्वांत जास्त वेळा इथेच चुकतात. मोजमाप हेडरच्या फ्लँजपासून, म्हणजे इंजिनाला बसणाऱ्या कडेपासून, घेतले, तर सिलिंडरच्या भिंतीची जाडी आणि पोर्टाची आतली वाट सुटते, आणि मोठ्या इंजिनात ते अंतर सहज 2 ते 3 सेंटिमीटर भरते. काही जण मिश्रण पेटवणाऱ्या ग्लो प्लगपासून पोटाच्या सर्वांत रुंद जागेपर्यंत मोजतात, काही जण पहिल्या जोडापर्यंत, काही जण पाइपच्या टोकापर्यंत. यातली कोणतीही पद्धत स्वतःपुरती चूक नाही, पण एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीने वापरला तर पाइप निकामी ठरतो. कोणी ‘माझा पाइप 230 वर आहे’ म्हणाले, तर कुठून कुठपर्यंत, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. वळणाची लांबी काढताना मऊ सोल्डरची तार नळीच्या कुशीवर, म्हणजे वळणाच्या ना आतल्या ना बाहेरच्या अंगाला, चिकटपट्टीने बसवावी आणि मग सरळ करून मोजावी.

मध्यच का धरायचा, हे आकड्यांतून छान उलगडते. समजा, आपल्या पाइपमध्ये डिफ्यूझर 110 मिमीवर सुरू होऊन 250 ला संपतो, पोट 335 पर्यंत जाते आणि बॅफल 335 ते 415 असा 80 मिमीचा आहे. बॅफलच्या सुरुवातीला आपटलेली लहर 670 मिमीचा प्रवास 1.34 मिलिसेकंदात करते, म्हणजे पोर्ट उघडल्यापासून सुमारे 161 अंशांनी परत येते. आपली ट्रान्स्फर पोर्टे 155 व्या अंशाला बंद झाली आहेत आणि एक्झॉस्ट 180 व्या अंशाला बंद होणार आहे. म्हणजे दाबाचा धक्का ट्रान्स्फर बंद होताच पोहोचतो आणि पोर्ट बंद होईपर्यंत टिकतो. हेच हवे होते. डिफ्यूझरची ओढ याच हिशोबाने 53 व्या अंशापासून 120 व्या अंशापर्यंत, म्हणजे पिस्टन तळाच्या आसपास असताना, येत राहते. तीही योग्य जागी.

आता तोच पाइप तसाच ठेवून फेरे 14,000 वर आणा. लहरीला लागणारा वेळ बदलत नाही; क्रँक मात्र हळू फिरतो. बॅफलच्या सुरुवातीचा धक्का 113 व्या अंशालाच येऊन थडकतो, तेव्हा ट्रान्स्फर पूर्ण उघडी असतात आणि जळालेला वायू नव्या मिश्रणाच्या अंगावर परत ढकलला जातो. इंजिन घुसमटते, धूर ओकते आणि ‘चार ठोके’ दिल्यासारखे, म्हणजे एक फेरा सोडून पेटल्यासारखे, अडखळते. उलट फेरे 23,000 वर नेले, तर तोच धक्का 185 व्या अंशाला, म्हणजे पोर्ट बंद झाल्यावर, पोहोचतो आणि वाया जातो. पाइप एका पट्ट्यात इंजिनाला साथ देतो आणि त्या पट्ट्याच्या खाली चक्क विरोध करतो. हा विरोधच बोटीसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तिकडे वळण्याआधी वेगाच्या आकड्याबद्दल थोडे सांगणे भाग आहे.

500 मीटर प्रति सेकंद हा वेग आकाशातून पडलेला नाही. ध्वनीचा वेग वायूच्या निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. 30 अंश सेल्सिअसच्या हवेत तो सुमारे 349 असतो, 350 अंशांना सुमारे 500. एक्झॉस्टचा वायू म्हणजे शुद्ध हवा नव्हे, पण अंदाजासाठी हा हिशोब पुरतो. मिथेनॉलवर चालणाऱ्या इंजिनांचा एक्झॉस्ट पेट्रोलच्या इंजिनांपेक्षा थंड असतो, त्यामुळे मोटारसायकलींसाठी लिहिलेले आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. पाइपमधले सरासरी तापमान 50 अंशांनी बदलले, तर लहरीचा वेग सुमारे 4 टक्के बदलतो. आपल्या 375 मिमीच्या पाइपला ते 15 मिमी लांबी कमी-जास्त केल्यासारखे आहे. बोटींमध्ये हे विशेष जाणवते, कारण हेडरभोवती पाण्याचे जॅकेट असते आणि काही पेट्रोल बोटींमध्ये आवाज कमी करण्यासाठी पाणी थेट पाइपमध्येही सोडतात. अशा पाण्याने वायू सरासरी 200 अंशांपर्यंत उतरला, तर वेग सुमारे 436 होतो आणि 20,000 फेऱ्यांसाठी बनवलेला पाइप 17,400 फेऱ्यांच्या पाइपसारखा वागू लागतो. जेट स्कीसारख्या मोठ्या वाहनांत याचा मुद्दाम फायदा घेतात: कमी फेऱ्यांना पाइपमध्ये पाणी सोडून तो ‘लांब’ करतात आणि वेग वाढला की पाणी बंद करतात. आपल्या छोट्या बोटीत मात्र पाणी घेणाऱ्या नळीचे तोंड बदलले, तरी पाइप नव्याने जुळवावा लागतो, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

आता पंखा. रेसिंग बोटीचा पंखा धावताना अर्धा पाण्यात आणि अर्धा पाण्याबाहेर असतो, पण बोट सुटताना तो पूर्ण बुडालेला असतो. म्हणजे इंजिनाला सर्वांत जड ओझे नेमके तेव्हा ओढावे लागते, जेव्हा ते पाइपच्या पट्ट्याखाली असते आणि पाइप त्याला विरोध करत असतो. ही एक चढण आहे. बोट ती चढून पाण्यावर तरंगू लागली, की पंखा हलका होतो, फेरे वाढतात, इंजिन पाइपवर येते आणि आवाजच बदलतो. पाइप आखूड केला की ताकदीचा पट्टा वर सरकतो आणि चढण उंच होते. एका मर्यादेनंतर इंजिन ती चढूच शकत नाही. बोट नाक वर करून, धूर सोडत, तळ्यात नांगरत राहते. म्हणून सरळ रेषेत वेगाचा विक्रम करणाऱ्या बोटीचा पाइप आणि बोयांना वळसे घालत धावणाऱ्या बोटीचा पाइप सारखा असू शकत नाही, इंजिन एकच असले तरी. वळणावर पंख्यावर ओझे वाढते, फेरे उतरतात, आणि पाइप फार आखूड असेल तर वळणातून बाहेर पडताना इंजिन पट्ट्यात परत येत नाही. सरळ रेषेत दोन-तीन किलोमीटरचा वेग सोडून दिला आणि प्रत्येक वळणानंतर इंजिन लगेच उचलले, तर शर्यतीत फायदाच होतो. माझे स्पष्ट मत असे आहे की वळशांच्या शर्यतीत पाइप आखूड असण्याची चूक लांब असण्याच्या चुकीपेक्षा कितीतरी महाग पडते.

मग सूत्रात फेरे कोणते घालायचे? कारखान्याने दिलेला आकडा नव्हे, आणि बोट हातात धरून पंखा हवेत फिरवून मोजलेला तर मुळीच नव्हे. तसे करणे धोक्याचेही आहे, कारण ओझ्याशिवाय इंजिन क्षणात इतके पळते की कनेक्टिंग रॉड तुटू शकतो. पाण्यावरचे फेरे हवेत. एक मार्ग पंख्याच्या पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात तो जितका पुढे सरकेल त्या अंतराचा: 70 मिमी पिचचा पंखा 20,000 फेऱ्यांना, अजिबात न घसरता, ताशी 84 किलोमीटर जाईल. बोटीवरच्या छोट्या जीपीएसने 72 दाखवले, तर घसरण 14 टक्के किंवा फेरे 20,000 हून कमी, यांपैकी काहीतरी आहे, आणि केवळ यावरून दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. दुसरा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो. काठावरून फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करावा आणि वारंवारता दाखवणाऱ्या एखाद्या अ‍ॅपमध्ये पाहावा. एक सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेऱ्याला एकदा ठोका देते, त्यामुळे मूळ स्वर 333 हर्ट्झचा असेल तर 60 ने गुणून फेरे सुमारे 20,000 निघतात. बोट आपल्याकडे येत असताना आवाज चढतो, ताशी 72 किलोमीटरला सुमारे 6 टक्के, आणि दूर जाताना उतरतो. म्हणून बोट अगदी समोरून जाते त्या क्षणाचा स्वर घ्यावा.

एक्झॉस्टचे अंशही स्वतः मोजावेत. क्रँकवर अंशांची चकती बसवावी, तारेचा एक काटा स्थिर करावा, पोर्टामागे बारीक दिवा धरावा आणि प्रकाशाची फट दिसू लागते तो अंश व नाहीशी होते तो अंश टिपावा. दहा मिनिटांचे काम आहे. माहितीपत्रकातला आकडा आणि हातातले इंजिन यांत दोन-चार अंशांचा फरक असणे नवलाचे नाही, आणि 4 अंश म्हणजे आपल्या उदाहरणात 8 मिमीहून अधिक लांबी.

कोनांच्या उताराबद्दल थोडक्यात. उतार सौम्य असेल तर परतणारी लहर दुबळी पण लांबट असते आणि ताकदीचा पट्टा रुंद होतो. उतार तीव्र असेल तर लहर जोरदार पण आखूड असते आणि पट्टा अरुंद होतो. वरच्या पाइपमध्ये हेडर 15 मिमीचा आणि पोट 35 मिमीचे धरले, तर डिफ्यूझरचा पूर्ण कोन सुमारे 8 अंशांचा आणि बॅफलचा सुमारे 18 अंशांचा होतो, आणि ही प्रमाणे वाजवी आहेत. बहुतेक जण पाइप तयारच घेतात, त्यामुळे हातात उरते ती हेडरची लांबी आणि स्टिंगर. स्टिंगरचा व्यास हेडरच्या सुमारे 0.6 पट असतो, इथे 9 मिमी. तो लहान केला की पाइपमधला सरासरी दाब वाढतो, सुरुवातीला ताकद वाढल्यासारखी वाटते आणि मग इंजिन तापून ग्लो प्लग जळू लागतात. तो अर्धा मिलिमीटर मोठा केला, तर क्षेत्रफळ 11 टक्क्यांनी वाढते. हा बदल पाहण्यात क्षुल्लक आहे, पण इंजिनाला तो लगेच जाणवतो, त्यामुळे स्टिंगरला ड्रिल लावण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

सूत्राने आलेला आकडा हा आरंभ आहे. हेडर आणि पाइप यांना जोडणारी सिलिकॉनची नळी असते, तिच्यात पाइप मागे-पुढे सरकतो. पहिल्या दिवशी पाइप हिशोबापेक्षा 10 ते 12 मिमी लांब ठेवावा, मिश्रणात इंधन भरपूर ठेवावे आणि बोट सहज उचलते याची खात्री करावी. मग एका वेळी 3 मिमी आत सरकवावा. आपल्या पाइपला 3 मिमी म्हणजे सुमारे 160 फेऱ्यांचा फरक. प्रत्येक वेळी निडल, म्हणजे मिश्रणातले इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू, पुन्हा जुळवणे आवश्यक आहे, आणि त्यामागे फारसे लक्षात न घेतले जाणारे कारण आहे. इंधनाच्या टाकीला दाब पाइपच्या पोटावरल्या छोट्या निपलमधून मिळतो. पाइप जुळून आला की पोटातला दाब बदलतो, टाकीतला बदलतो आणि मिश्रणही. निडल तशीच ठेवून केलेली तुलना पाइपची नसते, मिश्रणाची असते. पंखा, इंधनातले नायट्रोचे प्रमाण आणि पाणी घेणारी नळी यांना या काळात हातही लावू नये.

आखूड करता करता एक टप्पा असा येतो की सरळ रेषेतला वेग वाढत नाही, पण वळणानंतर उचलायला वेळ लागू लागतो किंवा प्लगची तार काळवंडून वाकलेली दिसते. तिथून 3 ते 5 मिमी मागे यावे. पाइप आणि हेडर यांची टोके नळीच्या आत एकमेकांपासून फार लांब राहू देऊ नयेत, कारण उघड्या राहिलेल्या सिलिकॉनला गरम वायू जाळतो. अंतर जास्त पडत असेल तर लांब हेडर घ्यावा. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आवळल्यावर पाइपवर नळीच्या कडेशी एक बारीक रेघ ओढावी आणि वहीत त्या लांबीशेजारी पंखा, इंधन, हवेचे तापमान आणि फोनवर टिपलेले फेरे लिहून ठेवावेत.